कुठला आकडा लेझरचा आणि कुठला स्कोपचा: प्रोजेक्टच्या नोंदी

६ जानेवारी

प्रोजेक्टचा विषय एकदाचा ठरला. लेझर डायोडसमोर आरसा ठेवायचा, त्याचाच थोडा उजेड परत त्याच्या अंगावर टाकायचा, आणि मग तो जो काही वेड्यासारखा वागतो त्याचं स्टॅटिस्टिक्स काढायचं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, म्हणजे आरशात बघून बिघडतो का तो? हो गं आई, अगदी तेच.

मॅडमनी पहिल्याच दिवशी पकडलं, की आरसा कशाला हवा, नुसता डायोड केऑटिक (नियमाने चालूनही पुढचं सांगता न येणारा) का होत नाही. पार्टनर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग त्यांनीच सांगितलं. साध्या डायोडमध्ये बदलणाऱ्या गोष्टी दोनच, आत फोटॉन किती आणि कॅरिअर (करंट वाहणारे इलेक्ट्रॉन आणि होल) किती, आणि दोघांच्या सिस्टिममध्ये केऑस बसतच नाही, किमान तीन लागतात. १९७५ साली हाकेनने दाखवलं होतं की लेझरची समीकरणं आणि लॉरेन्झची १९६३ ची हवामानावरून आलेली समीकरणं आतून एकच आहेत, पण तिथे फील्ड (उजेडाची लहर), पोलरायझेशन (त्या लहरीने अणूंमध्ये होणारी हालचाल) आणि इन्व्हर्जन (उत्तेजित अणू साध्यांपेक्षा किती जास्त) असे तिघे आहेत, आणि सेमीकंडक्टरमध्ये पोलरायझेशन बाकीच्या दोघांच्या मागे इतक्या झटकन पळतं की त्याला वेगळं धरायची गरजच उरत नाही. म्हणजे उरले दोन. आरसा लावला की मात्र आत्ता काय होणार हे थोड्या वेळापूर्वी काय झालं होतं त्यावर ठरतं, आणि तो मधला सगळा इतिहास हिशोबात घ्यावा लागतो, एकदम अगणित व्हेरिएबल. दोनावरून थेट अनंत. मला हे ऐकून खरंच मजा वाटली.

सामान: ७८५ नॅनोमीटरचा डायोड, ड्रायव्हर, टीईसी (डायोडचं तापमान धरून ठेवणारा कूलर), लेन्स, बीम स्प्लिटर, आरसा, १ गिगाहर्ट्झचा फोटोडिटेक्टर आणि ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नल स्क्रीनवर काढून दाखवणारा), जो बाकीच्या ग्रुपनाही लागतो म्हणून आम्हाला मंगळवार, बुधवार, गुरुवार. आरसा ६० सेंमीवर. जाऊन येऊन १२० सेंमी, म्हणजे ४ नॅनोसेकंद. हा ४ आकडा लक्षात ठेवायचा.

९ जानेवारी

आरसा झाकून थ्रेशोल्ड, म्हणजे लेझर पेटायला लागणारा कमीत कमी करंट, ३४.२ मिलीअँपिअर. आरसा उघडून, स्क्रू फिरवून फिरवून मान मोडल्यावर ३०.१. साधारण १२ टक्के खाली आला, म्हणजे फीडबॅक (आरशाकडून परत येणारा उजेड) नीट आत जातोय. अलाइनमेंट बरोबर आहे की नाही हे बघायचा हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग: करंट आधी लेझर पेटायचा त्याच्या जरा खाली ठेवायचा आणि आरसा हलवत जायचं, अचानक भपकन पेटला की तिथेच थांबायचं. ७८५ डोळ्याला जेमतेम लाल दिसतो, त्यामुळे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघत होतो. डोळ्यावर गॉगल, हातात फोन, लॅबवाले काका म्हणाले ताई सेल्फी काढताय का.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ लॅबच्या बाहेर खाल्ला (काकांचा कायदा).

आणि आज दिसले! करंट ३४.५ वर ठेवला आणि स्कोपवर पॉवर एका लेव्हलला चाललीय, चाललीय, आणि धप्पकन खाली. मग हळूहळू पायऱ्यापायऱ्यांनी वर. परत चाललीय, परत धप्प. पायरी मोजली तर ४ नॅनोसेकंदांची, म्हणजे एकेका फेरीला एकेक पायरी चढतोय बिचारा. याला लो फ्रिक्वेन्सी फ्लक्च्युएशन म्हणतात, आमच्या भाषेत ड्रॉपआउट. रिश आणि वूमार यांनी १९७७ मध्येच अशी भानगड पाहिली होती, तेव्हा कोणी केऑस वगैरे म्हणत नव्हतं. आमच्या स्कोपला गिगाहर्ट्झचं काही दिसणार नाही पण ड्रॉपआउट मधून मधून, काहीशे नॅनोसेकंदांनी येतात, ते झकास दिसतात, म्हणून तर मॅडमनी हा विषय दिला.

१५ जानेवारी

कालचा आनंद आज गायब. ठाणे-बेलापूर रोडवरनं ट्रेलर गेला की ड्रॉपआउट एकदम वाढतात किंवा बंदच होतात. आरसा फक्त अर्धा मायक्रॉन जरी हलला तरी फीडबॅकची फेज पूर्ण गोल फिरून येते, त्यामुळे त्याला ट्रेलर काय आणि कोणी दार आपटलं काय, सारखंच. ऑप्टिकल टेबल दुसऱ्या ग्रुपकडे. मग काकांनी जुगाड केला: किचनच्या ओट्याचा उरलेला कडप्पा, त्याखाली स्कूटरच्या दोन ट्यूब, अर्ध्याच फुगवलेल्या. पूर्ण भरायच्या नाहीत, टणक झाल्या की काही उपयोग नाही. कडप्प्यावर बोटाने टिचकी मारली तर सगळं सावकाश डुलतं, अगदी होडीसारखं, पण वरच्यावर जे कापणं होतं ते गेलं.

२१ जानेवारी

पहिलं खरं स्टॅटिस्टिक्स. एक रेकॉर्ड म्हणजे १ कोटी पॉइंट, दर अर्ध्या नॅनोसेकंदाला एक, एकूण ५ मिलिसेकंद. ऑटोकोरिलेशन काढलं, म्हणजे सिग्नलची एक कॉपी थोडी सरकवायची आणि मूळ सिग्नलशी किती जुळते ते बघायचं. ४ नॅनोसेकंदांना पीक यायला हवा होता, आला. पण ३० नॅनोसेकंदांनाही एक, चांगला ०.३ उंचीचा, आणि ६० ला एक छोटा खड्डा, उलटा, ०.१ च्या आसपास.

आम्ही दोघं अर्धा तास थिअरी लढवत बसलो. पार्टनर म्हणतो ही बाहेरच्या कॅव्हिटीची स्लो रिदम असणार, मी म्हणते रिलॅक्सेशन ऑसिलेशनशी (लेझरच्या स्वतःच्या डुलण्याशी) काहीतरी संबंध. व्हाइटबोर्ड भरला. फोटोपण काढला बोर्डाचा, थीसिसला लागेल म्हणून. आता तो फोटो बघवत नाही.

२२ जानेवारी

सकाळी ट्रेनमध्ये घणसोलीला सुचलं की आरसा हलवून बघू ना. लेझरची गोष्ट असेल तर सरकेल. आरसा ६० वरनं ७५ सेंमीवर नेला, ४ चा पीक बरोब्बर ५ वर गेला, दोन पॉइंटांनी. ३० वाला ढिम्म.

मग स्कोपच्या मागे वाकून बघितलं. आमची केबल थेट स्कोपला नव्हती, मध्ये टी कनेक्टर, आणि टीच्या दुसऱ्या तोंडाला ३ मीटरची काळी बीएनसी केबल, जी टेबलामागून जाऊन दुसऱ्या एका बंद स्कोपला. कोणीतरी कधीतरी दोन ठिकाणी एकच सिग्नल बघायला लावली असणार आणि तशीच राहिली. तिकडचा इनपुट १ मेगाओहम, म्हणजे केबलच्या हिशोबाने उघडं टोकच. सिग्नल तिकडे जातो, आपटून परत येतो. या केबलमध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, ३ मीटर जाऊन ३ मीटर यायला ३०. आणि टीवर परत आलेल्याचा एक तृतीयांश भाग उलटा होऊन पुन्हा तिकडेच जातो, म्हणून ६० चा उलटा खड्डा. सगळं बसलं. केबल काढली, दोन्ही गायब.

म्हणजे आम्ही काल अर्धा तास एका केबलच्या डायनॅमिक्सवर चर्चा करत होतो. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या वहीत लिही, आणि यापुढे प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं, हा लेझरचा की स्कोपचा. वहीत आता तिसरा कॉलम आहे. त्यात "ले" किंवा "स्को" किंवा प्रश्नचिन्ह.

२९ जानेवारी

डेटाचा किस्सा. स्कोप सीएसव्हीत सेव्ह करतो, एक फाइल २०० एमबीच्या वर. पार्टनरने एक फाइल कशी दिसते ते बघायला एक्सेलमध्ये उघडली, वरची हेडिंगची लाइन उडवली आणि सेव्ह केली. एक्सेलमध्ये ओळी मावतात १०,४८,५७६. बाकीच्या नव्वद लाख गेल्या. एक्सेलने एक मेसेज दाखवला होता म्हणे, पार्टनरने ओके केलं. ४ दिवस त्या फाइलचे आकडे वेगळे का येतात म्हणून मी त्याला आणि तो मला बोलत होता. आता बायनरीत सेव्ह करतो, फाइल १० एमबी, एका पॉइंटला एक बाइट. ८ बिटचा स्कोप, २५६ लेव्हल, तेवढंच काय ते आहे त्यात, सीएसव्हीतले ते दशांशचिन्हानंतरचे पाच आकडे निव्वळ सजावट.

आणि २५६ पण तेव्हाच, जेव्हा सिग्नल स्क्रीनभर पसरवलेला असेल. आमचे पहिले रेकॉर्ड स्क्रीनच्या मधल्या एका पट्टीत होते, जेमतेम ४० लेव्हल वापरात. ते सगळे फेकले.

३ फेब्रुवारी

आज स्कोपचा वार नाही, म्हणून सिम्युलेशन. लँग आणि कोबायाशींची १९८० ची समीकरणं: एक फील्डचं, एक कॅरिअरचं, आणि फील्डच्या समीकरणात एक जास्तीची टर्म, ४ नॅनोसेकंद आधीच्या फील्डची. त्यात अल्फा नावाचा एक आकडा येतो, १९८२ मध्ये हेन्रीने त्याचं महत्त्व दाखवलं. कॅरिअर बदलले की नुसता गेन (उजेड वाढवायची ताकद) नाही, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सपण बदलतो, आणि मग फेज बदलते. म्हणजे पॉवर हलली की फेज हलते, फेज हलली की परत येणारा उजेड जुळतो किंवा भांडतो, त्याने पॉवर हलते. सगळं वेड इथनं सुरू होतं. अल्फा ५ घेतला. स्पॉन्टेनिअस एमिशनचा (आपोआप, कसाही निघणाऱ्या उजेडाचा) नॉइजही टाकलाय.

हिशोबातली वेळेची पायरी १ पिकोसेकंद. ५० मायक्रोसेकंदांसाठी ५ कोटी पायऱ्या. रन लावला, डबा खाल्ला, चहा झाला, चालूच. मी जुनं फील्ड पायथनच्या लिस्टमध्ये ठेवलं होतं आणि दर पायरीला पहिला आकडा काढून शेवटी नवा लावत होते, म्हणजे दर पायरीला मागचे ४ हजार आकडे एकेक घर पुढे सरकत होते. गोल बफर केला, नुसता इंडेक्स फिरवायचा, आणि वर नंबा (पायथनचा कोड वेगवान करणारी लायब्ररी) लावलं. आता अर्ध्या मिनिटात होतं.

९ फेब्रुवारी

रविवार, मेगाब्लॉक, घरीच. कळव्याच्या घरी पंखा फुल आणि लॅपटॉप मांडीवर नाही ठेवता येत इतका तापलाय.

आजची गोष्ट मला वाटतं या प्रोजेक्टमधली सगळ्यात भारी, म्हणून नीट लिहिते.

सिम्युलेशनमधून पॉवरचा हिस्टोग्राम काढला, कच्चा, १ पिकोसेकंदवाला. त्यात बहुतेक वेळ पॉवर जवळजवळ शून्य, आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट. कारण लेझर खरं तर सलग चालतच नसतो, तो काही डझन पिकोसेकंदांचे टोकदार पल्स मारतोय, मध्ये अंधार, पुन्हा पल्स, एकही दुसऱ्यासारखा नाही. हे खरंच असं असतं हे १९९६ मध्ये फिशर आणि मंडळींनी स्ट्रीक कॅमेरा (पिकोसेकंदांतली चमक टिपणारा) लावून दाखवलं, नुसतं समीकरणात नाही.

मग तोच डेटा ५०० मेगाहर्ट्झच्या लो पास फिल्टरमधून घातला, म्हणजे आपल्या स्कोपला जसा दिसेल तसा. आणि हिस्टोग्राम उलटा झाला. अक्षरशः उलटा. आता बहुतेक वेळ पॉवर वरच्या लेव्हलला, आणि शेपूट डावीकडे, खाली. पल्सांची सगळी गर्दी फिल्टरने एकत्र कालवून एक सपाट पातळी केली आणि उरले फक्त ड्रॉपआउट, जे खाली जातात. स्क्यूनेस (शेपूट कुठल्या बाजूला ते सांगणारा आकडा) प्लसवरनं मायनसमध्ये. एकच लेझर, एकच रन, एकाच फाइलमधला डेटा, आणि एक म्हणतो हा मोठ्या झटक्यांचा माणूस आहे, दुसरा म्हणतो हा शांत माणूस आहे, मधूनच कोसळतो.

लॅबमधला हिस्टोग्राम काढून शेजारी ठेवला. फिल्टरवाल्याशी छान जुळतो, फक्त एक आहे, डिटेक्टर एसी कपल्ड (फक्त चढउतार पुढे पाठवणारा) असल्याने आमच्याकडे खरा शून्य कुठे आहे तेच कळत नाही, सरासरीलाच शून्य म्हणून बसायचं.

तिसऱ्या कॉलममध्ये काय लिहू? लिहिलं "ले + स्को". हिस्टोग्रामपुरतं तरी या दोघांना वेगळं करता येणार नाही. ड्रॉपआउट कधी आला ती वेळ मात्र फिल्टरने फार बदलत नाही, नॅनोसेकंदाच्या आतबाहेर. म्हणजे पॉवरच्या मागे लागायचं सोडून वेळांच्या मागे लागायचं. मॅडमना रात्रीच मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला.

१३ फेब्रुवारी

वेळा. दोन ड्रॉपआउटमधलं अंतर. सिग्नलची सरासरी शून्य, सिग्मा (सरासरीभोवतीचा पसारा) एक करून घेतला, आणि उणे १.५ च्या खाली गेला की ड्रॉपआउट मोजायचा. ५ मिलिसेकंदांत १४,९००. सरासरी अंतर ३३५ नॅनोसेकंद. हिस्टोग्राम (१०० नॅनोसेकंदांचे कप्पे) डावीकडे उंच आणि उजवीकडे घसरत गेलेला, लॉग स्केलवर सरळ रेघ. एक्स्पोनेन्शिअल, म्हणजे आठवण नसलेला. कळव्याला रिक्षाची वाट बघणं जसं, दहा मिनिटं उभं राहिलात म्हणून पुढची लवकर येईल असं काही नाही.

पण मग ऑर्डिनल पॅटर्न काढले आणि तिथे गंमत झाली. २००२ मध्ये बँट आणि पोंपे यांनी सुचवलेली पद्धत, मला फार आवडली कारण शाळेतल्या पोरालाही कळेल. लागोपाठची तीन अंतरं घ्या. किती मोठी ते विसरा, फक्त क्रम बघा: चढती, उतरती, मधलं सगळ्यात छोटं, मधलं सगळ्यात मोठं, आणि शेवटच्या दोघांचे दोन-दोन प्रकार. एकूण सहा. अंतरांना एकमेकांची काही पडलेली नसेल तर प्रत्येक पॅटर्न १/६ वेळा, म्हणजे ०.१६७. एवढ्या डेटाला नुसत्या नशिबाने होणारा हेलकावा ०.००३.

आमचे: चढती ०.१५०, उतरती ०.१५०, बाकीचे चार ०.१७५ च्या आसपास. पाच सिग्मा! म्हणजे लेझर नागमोडी जातोय, लांब, छोटं, लांब, छोटं. मग सगळी अंतरं पिसून, पत्त्यांसारखी, परत काढलं, तर सहाही ०.१६७ वर येऊन बसले. म्हणजे हे नुसतं वाटणं नाही, क्रमातच काहीतरी आहे. पार्टनरने थेट पेपरचं टायटल सुचवलं. वडापाव त्याच्याकडून.

१७ फेब्रुवारी

मॅडमनी आकडे बघितलेच नाहीत. म्हणाल्या, बाळा, कुठलेही दहा ड्रॉपआउट कागदावर प्रिंट करून आण, आणि तुझ्या कोडने जिथे मोजले तिथे लाल ठिपका दे.

प्रिंटरला लाल शाई नव्हती, मग पेनने दिले. तिसऱ्या कागदावर एकाच खड्ड्यात दोन ठिपके. सातव्यावर पण. जरा बाजूला जाऊन एकच जागा मोठी करून बघितली: सिग्नल खाली जाताना उणे १.५ च्या रेघेवरून उतरतो, तळाला नॉइजने किंचित वर येतो, रेघेच्या दोन पॉइंट वर, आणि परत खाली. माझ्या कोडने दोनदा मोजला. अंतर किती, तर ६ नॅनोसेकंद. असे एकूण ३ हजार. दर चार खऱ्यांमागे एक खोटा.

आणि आता सगळा उलगडा. खऱ्या लांब अंतरांच्या मध्ये अशी चिमुकली अंतरं घुसली की लांब, छोटं, लांब, छोटं होणारच. चिमुकल्याशेजारी चिमुकलं कधीच येत नाही, कारण एका खड्ड्यात दोनच ठिपके. म्हणून चढती आणि उतरती कमी. मी बसून हिशोब केला, चारास एक खोटा धरला तर चढती-उतरती बरोब्बर ०.१५० आणि बाकीचे ०.१७५ येतात. तिसऱ्या दशांशापर्यंत. इतका सुंदर निकाल, आणि सगळाच्या सगळा माझ्या एका इफ स्टेटमेंटचा.

पिसून बघणं याला पकडू शकतच नव्हतं. ते फक्त एवढंच सांगतं की क्रमात काहीतरी आहे, तो क्रम लेझरने लावला की मी हे त्याला कुठनं कळणार. आणि १०० चे कप्पे केल्यामुळे ६ नॅनोसेकंदवाले पहिल्या कप्प्यात लपले, आणि एक्स्पोनेन्शिअल डावीकडे उंच असतोच म्हणून मला तो कप्पा उंच दिसला तरी काही खटकलं नाही. उलट बरं वाटलं.

ट्रेनमध्ये ऐरोलीपर्यंत कोणाशी बोलले नाही.

१८ फेब्रुवारी

दुरुस्ती: एकदा उणे १.५ खाली गेला की जोवर शून्याच्या वर येत नाही तोवर दुसरा मोजायचाच नाही. चार ओळी. तोच रेकॉर्ड: ११,९०० ड्रॉपआउट, सरासरी ४२० नॅनोसेकंद. कप्पे १० नॅनोसेकंदांचे केले, आणि आता डावीकडे उंच टोक नाही, उलट मोकळी जागा! साधारण १०० नॅनोसेकंदांच्या आत एकही ड्रॉपआउट नाही. बरोबरच आहे, खाली कोसळल्यावर ४-४ नॅनोसेकंदांच्या वीसपंचवीस पायऱ्या चढून वर यायला तेवढा वेळ लागणारच, वर आल्याशिवाय परत कोसळणार कुठनं. त्यानंतर मात्र शेपूट सरळ रेघेत, एक्स्पोनेन्शिअल.

सिम्युलेशनमध्येही तशीच मोकळी जागा, पण तिथे ५० मायक्रोसेकंदांत शंभर-सव्वाशेच ड्रॉपआउट मिळतात, त्यावरून फार बोलायला नको.

पॅटर्न: सहाही नशिबाच्या हेलकाव्याच्या पट्ट्याच्या आत. ३४.५ मिलीअँपिअरला लेझर काही आठवत नाही, किंवा आठवत असेल तर नॉइजने ते झाकलंय. पेपर रद्द.

२५ फेब्रुवारी

एसी ट्रिप झाला, दुपारी दीडला, साडेतीनला आला. तोवर आम्ही रेकॉर्ड घेतच राहिलो, कारण टीईसी आहे ना. टीईसी डायोडचं तापमान धरून ठेवतो हो, पण आरशाच्या माउंटला आणि लेन्सच्या होल्डरला कोण धरणार. खोली २४ वरनं ३१ झाली आणि दर रेकॉर्डचं सरासरी अंतर ४२० वरनं हळूहळू ५०० पार.

आम्ही शहाण्यासारखे सगळे २० रेकॉर्ड एकाला एक जोडले (जास्त डेटा, कमी एरर) आणि शेजारच्या अंतरांमधलं कोरिलेशन काढलं. प्लस आलं. दहा अंतरं सोडून काढलं, तेवढंच प्लस. हजार सोडून, तरी जवळजवळ तेवढंच. जे कोरिलेशन हजार पावलांनंतरही उतरत नाही ते लेझरच्या आठवणीचं नाही, खोली तापल्याचं आहे, दुपारच्या सुरुवातीची सगळी छोटी आणि शेवटची सगळी लांब, एवढंच. एकेका रेकॉर्डमध्ये वेगळं काढलं तर शून्य. या वेळी आम्ही स्वतःच पकडलं, मॅडमकडे जायच्या आधी, हे इथे नमूद करून ठेवते.

तिसऱ्या कॉलमला नवीन खूण लागली: "खो", म्हणजे खोली.

४ मार्च

करंट ३६. ड्रॉपआउट दाटीवाटीने, सरासरी १९० नॅनोसेकंद, एका रेकॉर्डमध्ये २६,३०० च्या आसपास. रेकॉर्ड वेगवेगळे ठेवले, एसी चालू, टी कनेक्टर नाही, दरवाजावर "आत लेझर चालू, दार आपटू नये" अशी पाटी (काकांचं अक्षर).

एक पॅटर्न ०.१७८, एक ०.१५५, बाकी पट्ट्यात. हेलकावा इथे ०.००२३, म्हणजे दोन्ही स्पष्ट बाहेर. लगेच वडापाव नाही. आधी प्रिंट. दहा नाही, चाळीस. लाल पेनाने ठिपके, प्रत्येक खड्ड्यात एकच, कुठे सुटलेलाही नाही. मग ड्रॉपआउट मोजायची रेघ उणे १.५ ऐवजी उणे १.२ आणि उणे १.८ करून बघितली, तेच दोन पॅटर्न बाहेर, आकडा तिसऱ्या दशांशात हलला. वेगवेगळ्या दिवसांच्या सात रेकॉर्डमध्ये तेच दोन, सहा ठिकाणी बाहेर आणि एका ठिकाणी काठावर. अंतरांमध्ये बरोबरी, म्हणजे दोन अंतरं अगदी सारखी येणं, आमच्या अर्ध्या नॅनोसेकंदाच्या मापाने थोड्या ठिकाणी होते, तिथे क्रम आधी आलेला छोटा असा लावला होता. तो उलटा लावून बघितला, फरक नाही.

पार्टनर म्हणाला, अगं आता तरी लिही "ले". लिहिलं. पेन्सिलीने.

१२ मार्च

मॅडम म्हणाल्या आरसा राहिला. आरसा ७५ सेंमीवर नेऊन ३६ वाले सगळे रेकॉर्ड परत घ्यायचे, आणि ते दोन पॅटर्न तिथेही तसेच राहतात की बदलतात ते बघायचं. बदलले तरी चालेल, म्हणाल्या, पण बघायला हवं. होळीची सुट्टी, मग स्कोपचा वार १८ तारखेला. आज एका ट्यूबची हवा कमी वाटली, कडप्पा उजवीकडे झुकलाय, काकांना पंप आणायला सांगितलाय.